आजार वठवणाऱ्या बाई

आमच्या बाई सोमवारी आजारी पडायच्या आणि आमच्यापैकी कोणी त्यांचं दुखणं ओळखलं की बऱ्या व्हायच्या.

सोमवारी सकाळी वर्गाच्या दारातून आत यायची ती बाई नसायचीच, दुसरंच कोणीतरी असायचं. कधी कंबरेला हात लावून चालणारी बेकरीतली कामवाली, कधी सारखं पाणी मागणारा चिडका ट्रक ड्रायव्हर, कधी दिवस गेलेत हे घरी न सांगितलेली शाळकरी पोरगी. साठीला आलेली, उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांचा बॉयकट केलेली बाई खुर्चीत पाय वर घेऊन नखं कुरतडायला लागली की आधी हसू यायचं. थोड्या वेळानं ते थांबायचं, कारण समोर खरोखरच एक घाबरलेली पोरगी बसलेली असायची.

वर्ग संपला म्हणून सोंग संपत नसे. मेन्सात, म्हणजे कॉलेजच्या खानावळीत, त्या हातात ट्रे घेऊन लंगडत रांगेत उभ्या राहायच्या. बस स्टॉपवर धापा टाकायच्या. एकदा एका अनोळखी आजोबांनी त्यांना हात धरून रस्ता पार करून दिला, तेव्हाही त्यांनी "डांके, डांके" असे आभार मानत तो हात सोडला नाही. आम्ही प्रश्न विचारायचो आणि त्या खोटी उत्तरं द्यायच्या. "दारू घेता?" "छे हो, फक्त वाढदिवसाला." "गोळ्या वेळेवर?" "अगदी वेळेवर." त्यांचं म्हणणं असं, की पेशंट डॉक्टरला आवडेल ते बोलतो आणि नर्सला सोपं जाईल ते बोलतो. खरं तो बोलतो फक्त चहाचा कप उचलताना, जिना चढताना, बूट काढताना. तिथे बघा.

आम्ही शिकत होतो ते एम.एस्सी., घरोघरच्या माणसांना तपासू शकणारी नर्स होण्यासाठीचं. अमेरिकेत अशा नर्सला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. ती तपासते, निदान करते, औषध लिहून देते, लहान बाळापासून आजीपर्यंत सगळं घर सांभाळते. जर्मनीत तेव्हा अशी नर्स नव्हतीच. बाई तरुणपणी अमेरिकेला गेल्या, तिथे हे शिक्षण घेतलं आणि जिथे हिवाळ्यात डॉक्टर पोहोचायचाच नाही अशा एका बर्फाळ भागात त्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं. मग एक दिवस सगळं आवरून त्या आपल्या देशात परत आल्या, इथेही अशा नर्सा तयार करायच्या म्हणून. फ्रँकफुर्टजवळच्या एका कॉलेजानं त्यांना एक वर्ग दिला. त्या वर्गात आम्ही मोजक्याच जणी होतो.

मी नागपूरची. तिथेच बी.एस्सी. नर्सिंग केलं, लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागे र्युसेल्सहाइमला आले. हे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. भाषा शिकून, कागदपत्रं मान्य करून घेऊन मी एका हॉस्पिटलात लागले होते आणि नोकरी सांभाळून हा कोर्स करत होते. तोंडानं मी त्यांना सगळ्यांसारखं 'फ्राउ प्रोफेसर' म्हणायचे. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून 'बाई' होत्या, शाळेत असतात तशा.

बाईंच्या तऱ्हा पुष्कळ. पहिल्या सेमिस्टरभर त्यांनी आम्हाला स्टेथोस्कोपला हात लावू दिला नाही. "आधी नुसते कान," म्हणायच्या. दुपारी फक्त उकडलेले बटाटे खायच्या, मीठ लावून, वर्तमानपत्रावर ठेवून. कोणाच्या घरी तपासायला गेलो की आधी खिडकीतल्या कुंड्या बघायच्या. सुकलेली कुंडी दिसली की विचारायच्या, "हिला पाणी कोण घालायचं?" त्यावर घरातलं कोणीतरी रडायला लागलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि त्यांच्या खांद्याला कायम एक घडीचं स्टूल लटकलेलं असे, नदीकाठी मासे धरायला बसणारे वापरतात तसलं. कोणाच्याही घरी त्या त्यावरच बसायच्या.

या स्टुलावरून माझ्या घरी एक प्रसंग घडला.

प्रत्येक विद्यार्थिनीच्या घरी एकदा जायचं असा त्यांचा नियम होता. मी त्यांना बुद्धपौर्णिमेला बोलावलं. सासूबाई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. सकाळी वंदना झाली होती, खीर झाली होती, स्वयंपाकघरात सासूबाई पोळ्या लाटत होत्या. बाई आल्या, सगळ्यांशी हात मिळवला, मी पुढे केलेली खुर्ची बाजूला सारली आणि आपलं स्टूल उघडून बसल्या.

सासूबाईंचं लाटणं थांबलं. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"का गं, आपल्या घरची खुर्ची चालत नाही का हिला?"

मी म्हटलं, "आई, तसं काही नाही, त्यांची सवयच आहे ती."

"सवयच असते," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वस्तीत पाटलाकडचं कोणी आलं तर आपली सतरंजी घेऊन यायचं. माझी आई दाराआड उभी राहायची. इतक्या दूर विमानात बसून आले, म्हटलं इथे तरी नसंल."

हे विषय बाहेरच्या माणसापुढे काढायचे नाहीत असं यांना वाटत असे. हे म्हणाले, "आई, जाऊ दे ना." पण बाईंना शब्द कळले नसले तरी काहीतरी बिनसलंय एवढं कळलं होतं. "त्या काय म्हणाल्या? नीट सांगा. गाळू नका काही," त्या मला म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. पाटील, सतरंजी, दाराआड उभी असलेली आई. जर्मनमध्ये या गोष्टींना शब्द शोधताना माझी फार धांदल उडाली. बाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्या उठल्या, स्टुलाची घडी केली, ते बाहेर जिन्यात ठेवून आल्या आणि सासूबाईंच्या शेजारी स्वयंपाकघरात चक्क जमिनीवर बसल्या. हातानं पाणी पिण्याची खूण केली. मी ग्लास काढायला वळले तर म्हणाल्या, "नको. त्यांचाच." आणि सासूबाईंच्या ओट्यावरच्या तांब्यातून प्यायल्या.

मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, आजारी माणसाच्या घरी खुर्ची मागितली की घरातलं कोणीतरी उभं राहतं, एवढ्यासाठी मी स्टूल नेते. पण इतकी वर्षं कोणाकोणाच्या घरी मी ते उघडलं आणि त्यांना काय वाटलं असेल, हे मी एकदाही विचारलं नाही."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "बरं बरं," म्हणाल्या. "पोळी खाते का विचार."

त्यानंतर त्या दोघींचं जे जमलं ते बघण्यासारखं होतं. एकीला मराठीखेरीज काही येत नव्हतं, दुसरीला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूबाई पोळी कशी फुगते ते दाखवत होत्या आणि बाई "गेनाऊ! गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होत्या. आणि असं बसल्या बसल्या बाई सासूबाईंकडे नीट बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं, "या रात्री कशा झोपतात?"

मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी आधी टाळलं. मग म्हणाल्या, "बसूनच गं. आडवं झालं की जीव घाबरतो. तुमच्या मागे परक्या मुलखात दवाखाना कशाला, म्हणून बोलले नाही. घरी गेल्यावर बघू."

बाईंनी त्यांना पलंगावर डाव्या कुशीवर निजवलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, असं विचारायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हो तर! शाळा सुटली त्याच्यापायी." बाईंनी मला ऐकायला लावलं. आधी मला काहीच कळेना. "घाई नको, खालचा आवाज ऐका," त्या म्हणाल्या, आणि मग तो लांबून गाडी गेल्यासारखा घरघराट मला ऐकू आला. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. कोणती, किती, कोणती गोळी द्यायला हवी, पुढे काय करायला हवं, सगळं बाईंनी सांगितलं.

आणि मग त्यांनी फोन उचलला. कारण गोळी लिहून द्यायचा अधिकार त्यांना नव्हता.

ओळखीचे एक हाउसआर्ट्स्ट, घरी येऊन बघणारे डॉक्टर, सुट्टीचा दिवस असूनही तासाभरात आले. भला माणूस. त्यांनी तपासलं, बाईंचं म्हणणं पटलं असं सांगितलं, गोळ्या लिहिल्या, सही केली, खीर खाल्ली आणि गेले. सासूबाई त्या रात्री आडव्या झोपल्या. पुढे नागपूरला जाऊन त्यांनी ती झडप उघडून घेतली आणि अजून त्यांच्या पोळ्या फुगतात.

पण डॉक्टर गेल्यावर बाई आमच्या बाल्कनीत उभ्या राहिल्या, त्या मला विसरता येत नाहीत. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "हे चांगले आहेत म्हणून आले. दुसरे कोणी असते तर? तिकडे बर्फात मी स्वतः गोळी काढून हातावर ठेवली असती. माझ्याच देशात मला फोन करावा लागतो." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला पोहायला शिकवतेय आणि इथे पाणीच नाही."

पाणी यावं म्हणून त्या फार झटल्या. मंत्रालयात जायच्या, डॉक्टरांच्या संघटनेपुढे बोलायच्या, विमा कंपन्यांच्या लोकांना आमच्या वर्गात आणून बसवायच्या. सगळे सभ्यपणे ऐकायचे. "वा, कल्पना फारच छान आहे," म्हणायचे आणि कोटाची बटणं लावायचे. आमच्या वर्गात उटे नावाची एक धिप्पाड बाई होती, पूर्वेकडून आलेली. तिच्या लहानपणी तिकडे गावोगावी नर्स मोपेडवरून घरोघरी फिरायची, जखमा बांधायची, बाळं बघायची. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर ते बंद पडलं. उटेची आई तशीच नर्स होती. उटे म्हणायची, "यांना सांगायला हवं, आमच्याकडे हे होतं." बाई म्हणायच्या, "सांगितलं. 'होतं' हा शब्द त्यांना फार आवडतो."

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाईंचं नवं सोंग मला आणि उटेला फार अवघड जात होतं. एरवी दोन-तीन दिवसांत सुगावा लागायचा. या वेळी बाईंनी ते आठवडेच्या आठवडे लांबवलंय असं आम्हाला वाटत होतं. दर सोमवारची सोंगं येत होती, जात होती, पण त्यांच्या आड एक दुसरंच काहीतरी चालू होतं. आम्ही दोघी भारावून गेलो होतो. काय बारकाईनं करतात बाई! चालताना डावा हात हलतच नाही. खोलीत उटेच्या डब्यातलं आंबलेलं सार सांडलं, सगळ्यांनी नाक धरलं, बाईंना पत्ताच नाही. आवाज बारीक झालाय. कोटाची बटणं लावायला वेळ लागतोय, आणि तो लागतोय हे लपवायला त्या मुद्दाम खिडकीकडे तोंड करतात. उटे म्हणाली, "हे त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे. आपणच ओळखायचं."

एका सोमवारी बाई उजव्या बरगडीखाली हात धरून आल्या. आम्ही तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी विचारलं, "कोणाला काही सुचतंय?" उटेनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले.

मी एकेक सांगत गेले. हात, वास, आवाज, बटणं. बाई मान हलवत होत्या. विद्यार्थिनी नीट बोलत असली की त्या म्हणायच्या तसं "आणखी?" म्हणत होत्या. मी म्हटलं, "हसायचं कमी झालंय. म्हणजे हसताय, पण चेहरा उशिरा हसतो." "आणखी?" मी म्हटलं, "अक्षर." आणि फळ्याकडे बोट केलं. सकाळी त्यांनीच लिहिलेली ओळ तिथे होती. डावीकडे नेहमीचं टपोरं अक्षर, आणि उजवीकडे जाता जाता ते मुंगीएवढं झालेलं.

"निदान?"

"पार्किन्सन," मी म्हटलं. उटेनं बाकावर हात आपटला, जिंकल्यासारखा.

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावर ठेवलेल्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ. कोणाच्या ध्यानात आधी आलं ते सांगता येणार नाही, पण उटेचा हात हळूच बाकाखाली गेला.

"मी या आठवड्यात पित्ताशयातले खडे करतेय," बाई म्हणाल्या.

मी उभीच होते. बसावं की त्यांच्याजवळ जावं, काही सुचेना. मला रडू यायला लागलं तशा त्या म्हणाल्या, "रडायचं नाही. सांगितलेलं सगळं बरोबर आहे. क्रमही बरोबर आहे. तुम्हाला एक." जर्मनीत एक म्हणजे सर्वांत वरचा मार्क. तो बाईंनी त्याआधी कोणालाही दिला नव्हता. मग त्यांनी कोट घेतला, बटणं न लावताच अंगावर टाकला आणि त्या बाहेर गेल्या.

न्यूरॉलॉजिस्टनं पुढे तेच सांगितलं. पण त्या दिवसानंतर सोमवारी वर्गात यायच्या त्या बाईच असायच्या. पुन्हा त्यांनी कोणाचं सोंग घेतलं नाही. आम्हीही कधी म्हटलं नाही. आवाज आणखी खाली गेला, तशी आम्ही बाकं पुढे पुढे ओढत गेलो. शेवटी शेवटी तर सगळ्या त्यांच्या टेबलाभोवती कोंडाळं करून बसायचो, शेकोटीपाशी बसावं तशा. घरोघरी जाणं त्यांनी आमच्यावर सोपवलं. "जिन्यात मला उशीर होतो," एवढंच म्हणाल्या.

आमची बॅच बाहेर पडली आणि तो वर्ग बंद झाला. कॉलेजानं दुसरं कोणी शोधलं, मिळालं नाही. बाईंसारखं शिकून, करून आलेलं जर्मनीत होतंच कोण? मला डिग्री मिळाली तेव्हा वॉर्डात सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, फुलांची कुंडी दिली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या डब्यांत भरत होते. उटे पूर्वेकडे आपल्या गावी परत गेली, एका वृद्धाश्रमात लागली. आमच्यापैकी एकीलाही त्या शिक्षणाचं काम मिळालं नाही. कोणाच्या छातीत काही ऐकू आलं तर मी डॉक्टरांना फोन करायचे. त्यातले काही ऐकायचे, काही म्हणायचे, "सिस्टर, ते आमच्यावर सोडा."

पुढे यांनी नोकरी बदलली आणि आम्ही वोल्फ्सबुर्गला गेलो. बाई त्याच बाजूला हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी, आपल्या माहेरच्या गावातल्या वृद्धाश्रमात राहत असल्याचं उटेकडून कळलं. मी सुट्टीच्या दिवशी जायला लागले. सासूबाई फोनवर विचारायच्या, "ती जमिनीवर बसलेली बाई कशी आहे? माझ्याकडून दशम्या ने तिला." मी नेत असे. घास गिळायला वेळ लागायचा, पण बाई खायच्या.

शेवटची भेट एका ऑक्टोबरातली. बाहेर झाडं पिवळी झाली होती. बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. मी खुर्ची ओढली तर म्हणाल्या, "बसू नकोस. मला तपास."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'डू' म्हटलं होतं, म्हणजे आपल्यातलं तू. मी गोंधळले. "काही होतंय का?" मी विचारलं.

"सगळं होतंय. तपास. डोक्यापासून पायापर्यंत."

मी हात धुतले, गरम पाण्याखाली धरून ऊबदार केले. डोळे, मान, छाती, पोट, हाता-पायांतली ताकद, तळव्यांची कातडी. जसं त्यांनी शिकवलं होतं तसं, काही न गाळता. आमच्यापैकी कोणालाही त्यांनी कधी आपल्या अंगाला हात लावू दिला नव्हता. कातडी कागदासारखी पातळ झाली होती. मी पाठीकडून फुप्फुसं ऐकत होते तेव्हा त्या अगदी शांत श्वास घेत होत्या, सांगितलं तेव्हा लांब, सांगितलं तेव्हा थांबून, एखाद्या गुणी पेशंटसारख्या. मी त्यांचा झगा नीट केला, पांघरूण ओढलं आणि काय काय आढळलं ते सांगितलं. उजवीकडे फुप्फुसाच्या तळाशी थोडा आवाज होता. मी म्हटलं, "इथल्या सिस्टरना सांगते, डॉक्टरांना बोलावतील."

"सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगून परत आले. खिडकीशी उभी राहिले. आता म्हणे जर्मनीत एक-दोन ठिकाणी हे शिक्षण पुन्हा सुरू करायचं चाललंय, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते त्यांना सांगावं की नाही याचा विचार करत होते. इतक्यात मागून तो बारीक आवाज आला. मला वाकून कान जवळ न्यावा लागला.

"तुझी वर्षं मी वाया घालवली का?"

"नाही, फ्राउ प्रोफेसर," मी म्हटलं. "नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. त्या दुखण्यात चेहरा हलत नाही, हे मला माहीत होतं. पटलं म्हणून नाही हलला, की पटलं नाही म्हणून, की नुसताच हलला नाही, ते कळायला काही मार्ग नव्हता. मी 'नाही' फार पटकन म्हटलं होतं, आपण पेशंटला म्हणतो तसं. त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं तर मी सावकाश, एकेक आठवून सांगितलं असतं. सासूबाई आडव्या झोपल्या ती रात्र सांगितली असती. मी खुर्ची ओढून त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसले. सिस्टर आली, चहा ठेवून गेली, चहा निवला. शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत मी तशीच बसून होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.